उसाच्या गाड्यांचे पायलट आबा

आमच्या गावाला पाणी म्हणजे कॅनॉलचं, तेही सुटलं तर. न्हावऱ्यापासून फार लांब नाही आम्ही. समुद्र बघितलेली माणसं गावात मोजकीच, तीही सगळी अलिबागच्या सहलीला जाऊन आलेली, आणि परत आल्यावर त्यांनी काय सांगितलं, तर तिथं शहाळं लई महाग. अशा गावात इंग्रजांच्या वेळचे बंदराचे कायदे चालत होते असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणाल हिच्या डोक्यात पीठ गेलंय. गेलं असेलही, माझी पिठाची गिरणी आहे. पण कायदे चालत होते, माझ्या डोळ्यांदेखत, आणि ते चालवणारा माणूस रोज संध्याकाळी माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा.

पायलट आबा आमच्याच वस्तीतले, माझ्या सासऱ्यांचे शाळासोबती. तरुणपणी गाव सोडलं, जहाजाचं शिक्षण घेतलं, जगभर बोटी फिरवल्या आणि शेवटची कितीतरी वर्षं मुंबईच्या बंदरात पायलट होते. निवृत्त झाले, बायको गेली, तसा मुलीचा पनवेलचा फ्लॅट सोडून गावात येऊन राहिले. पायलट म्हटल्यावर गावाला वाटलं विमान. लोक त्यांना विचारायचे, वर गेल्यावर कान दुखतात का? आबा खवळायचे. एरवी ते मुंबईचं धुतलेलं मराठी बोलायचे, पण खवळले की थेट गावावर यायचे. "आरं, इमान न्हाई रं! जहाज! बंदरातलं जहाज!"

मग समजावून सांगायचे. परदेशातलं जहाज बंदराच्या तोंडाशी येऊन थांबतं. त्याच्या कप्तानाला सगळे समुद्र पाठ असतात, पण ह्या बंदरात गाळ कुठं, खडक कुठं, हे ठाऊक नसतं. म्हणून बंदराचा माणूस छोट्या होडीतून जातो, हलत्या जहाजाला लोंबणाऱ्या दोरीच्या शिडीनं वर चढतो आणि जहाज धक्क्याला आणून लावतो. "नवीन सून घरात आल्यावर सासू तिला सगळं दाखवते ना, इथं न्हाणी, इथं पिठाचा डबा, तसं," आबा म्हणायचे.

"आन् सून कुठं ऐकती?" समोरच्या घरातून हौसाबाई ओरडायच्या.

"कप्तानही ऐकत नाहीत बाई! हेच तर आमचं दुःख!"

गावानं मग त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली, तर त्याचाही राग. कप्तान वेगळा, पायलट वेगळा. कप्तान हुकूम देतो, पायलट सल्ला देतो. हा त्यांचा पहिला कायदा, आणि तो ते चहालाही लावायचे. "सुमन, माझा सल्ला आहे की साखर थोडी कमी टाकावी."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर कप्तान तू. जबाबदारी तुझी. माझा सल्ला नोंदवला गेला."

कुठं नोंदवला देवजाणे. मी साखर टाकायची तेवढीच टाकायचे आणि आबा चाटूनपुसून प्यायचे.

पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. आमच्या धुळीत पांढरे बूट! रोज सकाळी ते खडूनं रंगवायचे. मग कॅनॉलच्या भरावावर जाऊन उभे राहायचे, कोरड्या कॅनॉलकडे बघायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आत्ता मुंबईला भरती लागली." भरती-ओहोटीचं सगळं गणित त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. जेवायलाही ते भरतीप्रमाणे बसायचे असा मला संशय आहे. एकदा हौसाबाईंना त्यांनी भरवस्तीत थांबवून सांगितलं, आज अमावस्या, आज उधाणाची भरती. हौसाबाई डोक्यावर सरपण घेऊन उभ्या. म्हणाल्या, "मग मी काय करू? लुगडं वर धरून चालू का?"

ह्या हौसाबाई नीट समजून घ्यायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्या घरावरून झालं.

गावाचा रस्ता कॅनॉलकडून उतरतो. उतार संपतो तिथं समोर माझा उकिरडा, त्याच्या डावीकडे गिरणी, आणि रस्ता उजवीकडे काटकोनात वळून हायवेला जातो. त्या वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर, अगदी रस्त्याला चिकटून, हौसाबाईंचं दोन खोल्यांचं घर. त्या मेंढरांवाल्या घरातल्या. सासरा, नवरा, दीर, सगळ्यांच्या मागं त्यांनी कळप घेऊन जन्मभर पायपीट केली. उतारवयात नवऱ्यानं मेंढरं मोडली आणि हे घर बांधलं. नवरा गेला, मुलगा शिक्रापूरला कंपनीत लागून तिथंच खोली घेऊन राहिला. त्यानं कितीदा बोलावलं, बाई हलत नव्हत्या. "जल्मभर दुसऱ्याच्या रानात पाल टाकून निजले," त्या म्हणायच्या. "उजाडलं की उठायचं, मालक ओरडला की उठायचं. आता मला कुनी ऊठ म्हनायचं न्हाई."

आणि नेमकं तेच म्हणायची वेळ गावावर आली. आमच्याकडं ऊस वाढला, कारखान्याच्या हंगामात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लागायला लागल्या. एवढी लांबलचक गाडी त्या वळणावर यायची आणि अडकायची. मागं रांग, शाळेची गाडी रांगेत, दुधाची गाडी रांगेत, आणि सगळे शिव्या देतात कुणाला, तर हौसाबाईंच्या घराला. शेवटी ग्रामसभेत विषय आला. घराची पुढची खोली काढायची, वळण रुंद करायचं, बाईंना गावाबाहेर जागा द्यायची. सरपंच माणूस वाईट नव्हता, पण गावात सगळ्यात जास्त ऊस त्याचाच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा, कारण एक ट्रॉली माझ्या गिरणीचा पत्रा घेऊन गेली होती. हौसाबाई मागं बायकांत बसलेल्या होत्या. त्या बाईला मी गप्प पहिल्यांदाच बघत होते, आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

तेवढ्यात आबा उठले. "सरपंच, बंदर अरुंद आहे म्हणून कुणी बंदर पाडत नाही. पायलट ठेवतात."

सभा हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी तिथंच इंग्रजांच्या वेळचे नियम म्हणायला सुरुवात केली. ते जुने नियम त्यांना त्यांच्या उस्तादांनी तोंडपाठ करून घेतलेले होते. मोठं जहाज पायलटशिवाय आत येणार नाही. पायलट जहाज निवडणार नाही, ज्याची पाळी त्याचं जहाज. पायलट दारू पिणार नाही, बक्षीस घेणार नाही. कप्तान आपल्या जहाजाची खोड पायलटपासून लपवणार नाही. जहाज सुरक्षित जागी लागेपर्यंत पायलट जहाज सोडणार नाही. "इंग्रज गेले," आबा म्हणाले, "पण गाळ आणि खडक तिथंच राहिले ना? म्हणून नियमही राहिले. मला हा एक हंगाम द्या. प्रत्येक गाडी मी वळवून देतो."

सरपंच म्हणाला, "बघू की. आमचं काय जातंय?" आणि हंगामापुरता तो विषय थांबला.

दुसऱ्या दिवशी आबा कॅनॉलपाशी खुर्ची टाकून बसले. तिथं प्रत्येक गाडीनं थांबायचं. आबा ड्रायव्हरशी हात मिळवणार, "गुड मॉर्निंग कप्तान" म्हणणार, "गाडीला खोड काय?" विचारणार, आणि मडगार्डवर चढून बसणार. चढले की ट्रॅक्टरवर निशाण लागायचं, अर्धं पांढरं, अर्धं तांबडं. पायलट वर आहे ह्याची ती बंदरातली खूण. जुन्या चादरीला तांबडं कापड जोडून ते मीच शिवून दिलं होतं. त्यात निवडणूक जवळ आलेली. गावातले दोन्ही गट येऊन आबांना विचारून गेले, हा कुठला पक्ष? आबा म्हणाले, हा जगातल्या सगळ्या बंदरांचा झेंडा आहे. दोन्ही गट आणखीच घाबरले.

पहिली गाडी होती बबनची. बबन सरपंचाचा ड्रायव्हर, हात एकदम साफ, बोलणं कमी. आबांनी त्याला सल्ला दिला, "उजवीकडे चिकटून घ्या कप्तान, अगदी चिकटून."

बबन म्हणाला, "आबा, तसं न्हाई जमायचं."

"जहाजाचं शेपूट बाहेर जाईल, गिरणी धोक्यात आहे!"

बबन बिचारा. वयानं एवढा मोठा माणूस, पांढरे बूट घातलेला, वर झेंडा लावून सांगतोय. त्यानं ऐकलं. ट्रॅक्टर वळला, पहिली ट्रॉली वळली, आणि दुसरी ट्रॉली आरामात आत सरकत हौसाबाईंच्या घराचा कोपरा घेऊन गेली. धाडकन विटा पडल्या. धूळ खाली बसली तेव्हा आतलं फडताळ, फडताळातले डबे आणि कमरेवर हात ठेवलेल्या हौसाबाई, सगळंच रस्त्यावरून दिसायला लागलं.

झालं होतं असं. जहाज उजवीकडे वळलं की त्याचं शेपूट डावीकडे, बाहेर फेकलं जातं. आबांच्या हाडामांसात तेच बसलेलं. ट्रॉलीचं शेपूट मात्र बाहेर जात नाही, ते आत येतं, कोपरा कापत येतं. गावातलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. पण शेंबड्या पोराला कुणी विचारलं नाही, आणि आबांनी जन्मात ट्रॉली वळवलेली नव्हती.

हौसाबाईंनी त्या दिवशी आबांचा जो उद्धार केला तो लिहिता येत नाही. मुंबई, समुद्र, इंग्रज, कुणालाच सोडलं नाही. आबा मान खाली घालून उभे होते. त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली, हे आता पनवेलला निघून जाणार.

गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या ओट्यावर चौकशी भरवली. बंदरात जहाज कुठं धडकलं की पायलटची चौकशी बसते, हा नियमच. तिघं पंच नेमले: बबन, हौसाबाई आणि मी. सरपंच बघायला आला. आबा म्हणाले, विचारा प्रश्न. आम्ही तिघं एकमेकांकडं बघतोय. मग आबांनी स्वतःच खुर्चीवर बसून विचारलं, "पायलट, ड्रायव्हरनं तुम्हाला सावध केलं होतं का?" उठून समोर उभे राहिले आणि उत्तर दिलं, "होय, केलं होतं." परत खुर्चीवर. "मग का ऐकलं नाहीत?" परत उभे. "ताठा, साहेब. निव्वळ ताठा." असं उठबस करत त्यांनी स्वतःला दोषी ठरवलं आणि परवाना काढून घेतला.

हौसाबाई म्हणाल्या, "ह्याला डागदरला दाखवा."

सरपंच मात्र गंभीर होता. "आबा, आता हौसाबाईच्या घराची आजून एक जरी वीट पडली, तर खोली काढायची. मग बोलायचं न्हाई."

"मंजूर," आबा म्हणाले. त्यांनी हौसाबाईंकडं बघितलंसुद्धा नाही. बघवलं नसणार. गवंडी आणून त्यांनी तो कोपरा बांधून घेतला, स्वतः घमेली उचलली, आणि हौसाबाई दारात उभ्या राहून प्रत्येक विटेला नाव ठेवत होत्या.

मग आबा बबनचे उमेदवार झाले. बंदरातही नवीन पायलटला जुन्या पायलटमागं उमेदवारी करावी लागते म्हणे. पांढरे बूट उतरवून, साधी चप्पल घालून ते रोज बबनबरोबर मडगार्डवर बसून कारखान्यापर्यंत जायचे आणि रिकाम्या ट्रॉलीबरोबर परत यायचे. उसाच्या पाचटानं अंगभर ओरखडे. बबन शिकवायला लागल्यावर एकदम बोलका झाला. आबा चुकले की तो कपाळावर हात मारून म्हणायचा, "आबा, ही बोट न्हाई, शेपूट आत येतंय!" आणि आबा म्हणायचे, "येस सर." माझ्या ओट्यावर ते काडेपेट्या दोऱ्यानं जोडून वळवत बसायचे. मी म्हटलं, आबा, ह्या वयात कशाला? ते म्हणाले, "सुमन, मी त्या बाईंचं घर वाचवतो म्हणालो आणि मीच पाडलं. आता झोप येत नाही मला."

बबननं परवाना परत दिला त्या दिवशी त्यांनी बूट खडूनं रंगवले. तिथून पुढं गाड्या अशा वळायला लागल्या की बघत राहावं. गाडी आधी डावीकडे, पार माझ्या उकिरड्याच्या कडेपर्यंत घ्यायची, मग उजवीकडे. मागची ट्रॉली हौसाबाईंच्या भिंतीला हात न लावता निघून जायची. हौसाबाई पहिले काही दिवस प्रत्येक गाडीला काठी घेऊन बाहेर यायच्या. नंतर नुसत्या यायच्या. नंतर आतूनच ओरडायच्या, "गेली का रं?"

पाळीचा नियमही चालला. एकदा एका म्हाताऱ्याची उसाची बैलगाडी पुढं आणि सरपंचाची गाडी मागं. सरपंच हॉर्न वाजवतोय. आबा बैलगाडीवर चढले, बैलांना "गुड मॉर्निंग" म्हणाले, आणि सावकाश वळवून नेली. परत येऊन सरपंचाला म्हणाले, "बंदरात राजाचं जहाजसुद्धा पाळीनं येतं."

"आबा, मी राजा कुठं? मला उशीर होतोय!"

"तेच राजेही म्हणायचे."

कुणी खूश होऊन उसाचं कांडं दिलं तरी आबा घ्यायचे नाहीत. बक्षीस बंद. दातही नव्हते म्हणा, पण ते कारण त्यांनी कधी सांगितलं नाही.

असा हंगाम सरला. शेवटचा दिवस उजाडला. कारखाना त्या संध्याकाळी बंद होणार होता आणि सरपंचाचा शेवटचा ऊस रानात भरून उभा. बबन मात्र भाचीच्या लग्नाला खुटबावला गेलेला. सरपंच स्वतःच स्टेअरिंगवर बसून दोन ट्रॉल्या घेऊन कॅनॉलपाशी आला.

आबा म्हणाले, "माझा सल्ला आहे, बबनला बोलावून घ्यावं."

"आबा, कारखाना थांबनार हाय का बबन्यासाठी? मी काय आज पयल्यांदा ट्रॅक्टर चालवतोय?"

"सल्ला नोंदवला. गाडीला खोड काय?"

"कसली खोड? काय न्हाई."

आबांनी निशाण बांधलं आणि चढले. कप्तान ऐकत नाही म्हणून पायलट जहाज सोडत नाही, तोही नियम. मी गिरणीच्या दारात उभी होते, हौसाबाई त्यांच्या दारात. गाडी उताराला लागली आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. नेहमीपेक्षा जोरात येत होती. मागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत होत्या. सरपंच पायानं दाबतोय, दाबतोय, आणि गाडी काही थांबत नाही. त्याचा चेहरा पांढराफटक. त्यानं घाबरून स्टेअरिंग उजवीकडे घ्यायला सुरुवात केली. त्या वेगात वळला असता तर मागची ट्रॉली अख्खी आडवी होऊन हौसाबाईंच्या घरावर पडली असती, आणि बाई दारातच उभ्या.

आबांचा आवाज ऐकू आला, अगदी शांत, मुंबईचा. "कप्तान, माझा सल्ला असा आहे की..."

"आहो आबा, सल्ला कसला देताय!" मी किंचाळले.

"...वळू नये. सरळ जावं."

"सरळ उकिरडा हाय!" सरपंच ओरडला.

"म्हनूनच! आरं घाल उकिरड्यात! घाल म्हन्तो न्हवं!"

सरपंचानं घातली. ट्रॅक्टर सरळ रस्ता ओलांडून माझ्या वर्षभराच्या शेणखतात घुसला. नाक पार आत गेलं, मागच्या ट्रॉल्या कुरकुरल्या, हलल्या आणि जागेवर थांबल्या. सगळीकडं शेण उडालं, माझ्या गिरणीवर, माझ्या अंगावर, वाळत घातलेल्या ज्वारीवर. निशाण मात्र ताठ उभं होतं. सरपंच उतरायला गेला तो गुडघ्यापर्यंत रुतला. आबा मागोमाग उतरले, एक पांढरा बूट आतच राहिला. बुटाकडं न बघता ते एका पायानं लंगडत थेट हौसाबाईंच्या भिंतीपाशी गेले.

हौसाबाई आधीच भिंतीवरून हात फिरवत होत्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोपऱ्याशी येऊन थांबल्या. म्हणाल्या, "एक न्हाई. एक वीट न्हाई." मग त्यांना उकिरड्यात रुतलेला सरपंच दिसला आणि त्या अशा हसत सुटल्या की भिंतीला धरून खालीच बसल्या. आबाही हसायला लागले. मी पण हसले, अंगावर एवढं शेण असून. सरपंच ओरडत होता, हसताय काय, हात द्या! गावानं दुसरा ट्रॅक्टर आणून ट्रॉल्या मागं ओढल्या आणि ऊस कारखाना बंद व्हायच्या आत पोचवला. एवढं काम गावानं एकजुटीनं कधी केलेलं मला आठवत नाही.

ग्रामसभेत आबांनी अहवाल दिला. जहाज अडकलं की पायलटनं अहवाल द्यायचा असतो. सरपंचाचे विरोधक पुढं सरकून बसले होते, आबा आता ह्याचं काय करतात बघायला. आबा म्हणाले, "गाडी उकिरड्यात गेली ती माझ्या सल्ल्यानं, ती जबाबदारी माझी. कप्तानानं ऐन वेळी धीर धरून सल्ला ऐकला म्हणून घर वाचलं. जहाज सुखरूप लागलं की नाव कप्तानाचंच होतं, तोच रिवाज आहे. टाळ्या वाजवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचाची मान खाली. टाळ्या थांबल्यावर तो उठला. "ब्रेक धरत नव्हता," तो म्हणाला. "मला ठाव होतं. आबांनी खोड इचारली तवा मी खोटं बोललो." मग त्यानं मान वर केली. "खोलीचा विषय आता काढायचा न्हाई. फुडच्या वर्षी कॅनॉलच्या कडंनं मुरूम टाकू, गाड्या तिकडनं जातील. कुनाला काय बोलायचंय?"

"मला," मागून आवाज आला. हौसाबाई उभ्या होत्या. "घर माझं. इतकी बोलनी झाली, पर मला आजून कुनी इचारलंच न्हाई."

सरपंच गोंधळला. "बरं, इचारतो. बोला आत्या, काय म्हनताय?"

"मी उठनार न्हाई."

"नका उठू," सरपंच म्हणाला. बायकांत मी रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

मुरूम पडला, उसाच्या गाड्या कॅनॉलच्या कडेनं परस्पर जायला लागल्या आणि आबांचं बंदर बंद झालं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, पण ते खूश होते. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मुलगी न्यायला आली, ऑपरेशन पनवेलला करायचं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण थंडीत छातीचा जुना आजार उलटला आणि आबा तिकडंच गेले. आम्ही गाडी करून गेलो होतो. हौसाबाईंनी त्या वेळी समुद्र पहिल्यांदा बघितला, खाडीच्या पुलावरून.

मला मात्र आबा दिसतात ते गावातून निघाले त्या दिवशीचे. मुलीची लांब, नवी कोरी गाडी, जावई चालवायला, आणि तो त्या वळणावर येऊन घाबरला. हॉर्न वाजवतो, मागं घेतो, पुढं घेतो. हौसाबाई पदर खोचून बाहेर आल्या. आपल्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि जावयाला हात दाखवायला लागल्या. घ्या, घ्या, आजून घ्या, भ्या नका. आबा मागच्या सीटवर, डोळ्यांवर काळा चष्मा, काच खाली करून डोकं बाहेर काढलेलं. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"बाई, भिंत किती लांब आहे?" त्यांनी काळजीनं विचारलं.

गाडी हौसाबाईंच्या समोरून, अगदी हातभरावरून जात होती. हौसाबाईंनी पुढं वाकून आबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोकं हळूच आत ढकललं.

"जावा निवांत," त्या म्हणाल्या. "घर हाय हितंच."